हुकूमशहा नुसता ओरडतोय, काय करू?

तिसरी_घंटा

नमस्कार मंडळी. कॉलेजची एकांकिका बसवतोय. काल्पनिक देश, एकच सर्वेसर्वा, रंगमंचावर एक टेबल आणि एक दार. यापलीकडे बजेट नाही. हुकूमशहा करणारा मुलगा एरवी चांगला नट आहे, पण टेबलामागे बसला रे बसला की मुठी आपटायला लागतो. आवाज खाली आण म्हटलं की दुसरं टोक गाठतो. मान वाकडी, हातवारे, पार कार्टून. तालमीत पोरं हसतात आणि पाचव्या मिनिटाला कंटाळतात.

मला त्याचा राक्षसही नकोय आणि विदूषकही नकोय. बघणाऱ्याला भीती वाटली पाहिजे. सिनेमात, कादंबऱ्यांत हे कोणी कसं जमवलंय? 'हे पन्नास सिनेमे बघ' अशी यादी कृपया नको. एखादा प्रसंग सांगा आणि त्यात नेमकं काय बघायचं ते सांगा. तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल' वाचलंय, प्रयोग पाहिलेला नाही.

बिनपाण्याचा_नळ

'द ग्रेट डिक्टेटर' बघितला नसशील तर आधी तो बघ. पृथ्वीच्या गोळ्याचा फुगा करून चॅप्लिन त्याच्याशी नाचतो, तो प्रसंग. मग 'डाउनफॉल'मध्ये हिटलर झालेला ब्रुनो गांझ. थरथरत्या हाताने चष्मा काढतो आणि मग सेनापतींवर फुटतो, ती क्लिप खाली खोटी सबटायटलं घालून अख्ख्या जगाने वापरून झालीये. तुझा नट बहुतेक तीच बघून आलाय.

पिटमन_काकू

तिसरी घंटा, तुझ्या नटाला जरा मोकळा सोड. टेबलामागे कोण बसलंय ते राहू दे, दाराबाहेर कोण उभं आहे ते सांग. बाहेर माणूसच नसेल तर आतल्याने कितीही मुठी आपटल्या तरी हलणार ते टेबलच.

मी नोकरीभर लघुलेखिका. मंत्रालयात, आणि त्यातली बरीच वर्षं मंत्र्यांच्या कार्यालयांत. नावं विचारू नका. आमचे साहेब काही हुकूमशहा नव्हते, निवडणूक हरले की गुपचूप बंगला सोडून जायचे. पण सत्ता म्हणून जी काही चीज असते ती मी आतल्या खोलीत कमी आणि बाहेरच्या खोलीत जास्त पाहिली. एका साहेबांकडे चहाचा ट्रे बाहेर आला की बसलेली मंडळी आधी कपात डोकवायची. कप रिकामा असला तर फाईल आत जायची. चहा तसाच परत आला असला तर चांगले सहसचिव हुद्द्याचे गृहस्थ फाईल काखोटीला मारून 'उद्या बघू' म्हणत लिफ्टकडे. शिपायाला 'आज कसं काय वातावरण?' असं विचारताना त्यांचा आवाज इतका मऊ व्हायचा की घरी बायकोशीसुद्धा ते तसं बोलत नसतील. आणि साहेबांना याची गंधवार्ता नाही! त्यांना चहा नको असायचा, बस्स. पित्त झालेलं असेल.

तेव्हापासून असले सिनेमे बघताना माझं लक्ष हाताखालच्या माणसांवर. नळभाऊंनी सांगितलेला चॅप्लिनचाच घे, १९४० चा. फुगा सगळ्यांच्या लक्षात राहतो, माझ्या लक्षात राहिला तो डिक्टेशनचा प्रसंग. धंद्याची खोड, दुसरं काय. हिंकेल, म्हणजे चॅप्लिनने केलेला हुकूमशहा, टायपिस्टला पत्र सांगतोय. त्या बनावट जर्मनमध्ये एक भलंमोठं वाक्य घडाघडा बोलतो, ती दोनचार बटणं दाबते आणि थांबते. मग तो एवढासा शब्द उच्चारतो, तर ही ओळीच्या ओळी बडवत सुटते. तो नुसता बघत राहतो. हसू येतंच. पण सर्वसत्ताधीशाचं वाक्य किती लांबीचं हे पगारी टायपिस्ट ठरवतेय आणि त्याला त्यावर काही बोलता येत नाही, हे चॅप्लिनला सुचलं कसं कोण जाणे. कुठल्या तरी ऑफिसात बसून बघितलं असणार.

आता तुला हवी ती भीती. 'द डेथ ऑफ स्टॅलिन', २०१७ चा. रशियाने प्रदर्शनाच्या तोंडावर, जानेवारी २०१८ मध्ये, त्याचा परवाना काढून घेतला होता. रात्री स्टॅलिन आपल्या खोलीत धाडकन कोसळतो. दाराबाहेर दोन पहारेकरी. दोघांनाही आवाज ऐकू आलेला आहे. एक म्हणतो, आत जाऊन बघायचं का? दुसरा त्याला दटावतो, गप बस, दोघांनाही मारशील. आणि दोघं पुन्हा ताठ. हुकूमशहा आत जमिनीवर पडलेला, असहाय, बहुधा शुद्धही नाही, आणि तरी त्या क्षणी त्याचीच सत्ता चालू आहे. तुझ्या एका टेबलात आणि एका दारात बसण्यासारखा हा प्रसंग आहे बघ.

हे नुसतं विनोदासाठी रचलेलं नाही. १ मार्च १९५३ ला मॉस्कोजवळ कुंत्सेवोच्या बंगल्यात असंच झालं होतं. साहेब दिवसभर खोलीबाहेर आले नाहीत, पण बोलावल्याशिवाय आत जायची कोणाची छाती नाही. संध्याकाळी आत दिवा लागलेला दिसला तेव्हा पहारेकऱ्यांना हायसं वाटलं. चला, उठले म्हणजे. मग पुन्हा काही हालचाल नाही. शेवटी रात्री उशिरा टपाल द्यायच्या निमित्ताने एक जण आत गेला, तर स्टॅलिन जमिनीवर. ५ मार्चला गेला. टपालाचं निमित्त लागलं, हे लक्षात घे. माणूस आत मरतोय की काय हे बघायला जाणं गुन्हा ठरू शकला असता, टपाल नेऊन देणं हा कामाचा भाग होता. सरकारी नोकरी केलेल्या कोणालाही विचार, त्याला हा फरक समजावून सांगावा लागणार नाही.

तिसरी_घंटा

काकू, दंडवत. ट्रेचा प्रसंग मी उचलला तर चालेल? पण मग असं करू का, की हुकूमशहा दाखवायचाच नाही? नुसतं बंद दार?

पिटमन_काकू

उचल की. त्यावर माझी सही थोडीच आहे.

पण बंद दार नको. ती युक्ती आता फार वापरून झाली. त्याला आण, आणि चांगला वाग म्हणावं. 'डाउनफॉल'ची ती आरडाओरडीची क्लिप सोडून दे, सुरुवात बघ. नोव्हेंबर १९४२, पूर्व प्रशियातलं मुख्यालय. सेक्रेटरीच्या जागेसाठी काही मुली आल्या आहेत, त्यांतली म्युनिकची ट्राउडल आत जाते. हिटलर तिचं नाव-गाव विचारतो, कुत्रीला बाजूला घेतो, मजकूर सांगायला लागतो. पोरीच्या हाताला कंप, टाईप करताना सगळा गोंधळ. आता हा फाडून खाणार असं आपल्याला वाटतं. तर तो सौम्यपणे म्हणतो, परत एकदा करून बघू. एवढंच. तिला नोकरी मिळते आणि ती बाहेर येऊन बाकीच्या मुलींना आनंदाने सांगते.

मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला तो साहेब आवडला. हो, आवडला. माझ्या नोकरीत पानभर मजकूर चुकल्यावर 'परत करून बघू' म्हणणारे साहेब फार थोडे. आणि मग पुढचे अडीच तास मी त्या आवडण्याचं काय करायचं या विवंचनेत. त्याने पहिल्याच मिनिटात मूठ आपटली असती तर माझी सुटका होती.

गांझने हे कसं केलं तेही तुझ्या नटाला सांग. हिटलरची भाषणं ढिगाने उपलब्ध आहेत, पण ती सभेतली. साध्या बोलण्यातला आवाज टिकून राहिलाय तो जून १९४२ चा. फिनलंडचा सेनापती मानरहाइम याच्या पंचाहत्तराव्या वाढदिवसाला हिटलर गेला होता, तिथे फिनिश रेडिओच्या तंत्रज्ञाने त्याच्या नकळत काही मिनिटं रेकॉर्ड केली. रशियाकडे एवढे रणगाडे असतील असं वाटलं नव्हतं, असलं काहीबाही सांगतोय. आवाज खालचा, किंचित घोगरा, जेवणाच्या टेबलावरचा. गांझने भूमिकेसाठी त्या ध्वनिमुद्रणाचा अभ्यास केला होता. तुझ्या नटाला म्हणावं, सभा विसर, जेवणाचं टेबल ऐक.

पेठेतला

'घाशीराम' वाचलंय पण पाहिलेलं नाही म्हणता, तर दोन शब्द. पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२, भरत नाट्य मंदिर, पीडीए म्हणजे प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनचा. तो मी पाहिलेला नाही. मी पाहिले ते नंतर थिएटर अकॅडमीने केलेले. मोहन आगाशांचा नाना आवाज चढवायचाच नाही. लाडे लाडे बोलणं, हलकं अंग, चालण्यात नाचाचा ठेका, बोलता बोलता कुठे तरी भलतीकडेच नजर. माणूस सत्तेवर आहे की लग्नघरात पाहुणा म्हणून आलाय असं वाटावं.

आणि ती माणसांची भिंत! संहितेत वाचून ती कळतच नाही. ओळीने उभे राहिलेले ब्राह्मण, गातायत, झुलतायत, आणि दाखवायचं नसेल तेव्हा सरळ पाठ करून उभे. पाठीमागे काय चाललंय हे त्यांना माहीत, आपल्याला माहीत, आणि गाणं चालू. काकू ज्याला बाहेरची खोली म्हणतात ती जब्बार पटेलांनी चक्क रंगमंचाच्या पुढच्या कडेला आणून उभी केली होती. शून्य बजेट. फक्त माणसं आणि चाल.

जाता जाता, 'सिंहासन'मधले अरुण सरनाईकांचे मुख्यमंत्रीही बघा. १९७९. खुर्ची जाणार अशी कुजबुज, फोनवर फोन, आणि हा माणूस शांत. हुकूमशहा नव्हे तो, पण तुमच्या नटाला आवाजाचा धडा मिळेल. निळू फुल्यांना 'सामना'त साखरसम्राट केल्यावर पटेल-तेंडुलकर या त्याच जोडीने इथे त्यांना थकलेला वार्ताहर केलं, हा आणखी एक मुद्दा. ज्याच्याकडे बघून आपण दचकायला बसलोय तोच दचकून बघत बसतो.

इझार_काठची

म्युनिकहून लिहितेय. काकूंचं सगळं पटतं, तरी एक टोचणी आहे. बाहेरच्या खोलीतली माणसं बिचारी वाटायला लागतात. 'डाउनफॉल' आला तेव्हा इथे नेमकी हीच तक्रार झाली होती. विम वेंडर्ससारख्या दिग्दर्शकाने जाहीरपणे लिहिलं, की हा सिनेमा नक्की कोणाच्या बाजूने उभा आहे तेच कळत नाही. हिटलरच्या बंकरमध्ये बसलेल्यांचं दुःख दिसतं. त्या बंकरमधून निघालेल्या कागदांनी बाहेर लाखो माणसांचं काय झालं ते कुठाय?

तिसरी घंटा, म्हणून तू 'डाउनफॉल'च्या जोडीला 'सोफी शोल: द फायनल डेज' बघ, २००५ चा. त्यात हिटलर नाहीच, फार तर भिंतीवरचा फोटो. १८ फेब्रुवारी १९४३ ला सोफी आणि तिचा भाऊ हान्स इथल्या विद्यापीठात युद्धाविरुद्धची पत्रकं ठेवायला जातात. पकडतं कोण? गेस्टापो, म्हणजे नाझींचे गुप्त पोलीस, नव्हे. विद्यापीठाचा शिपाई. तो त्यांना अडवतो, वर घेऊन जातो, मग बाकीची यंत्रणा येते. २२ तारखेला खटला आणि त्याच दिवशी शिरच्छेद. सोफी २१ वर्षांची. मधली चौकशी खऱ्या जबान्यांवरून लिहिलेली आहे. टेबल, दोन खुर्च्या, अधिकारी मोर आणि ती. मोर तसा सभ्य बोलतो, तिला वाचायची एक वाटही काढून देतो. ती घेत नाही.

विद्यापीठासमोर आजही त्या पत्रकांच्या प्रतिकृती फरसबंदीत बसवलेल्या आहेत. वाऱ्याने पडल्यासारख्या. नवीन आलेले विद्यार्थी खरे कागद समजून उचलायला वाकतात.

पिटमन_काकू

इझारताई, टोचणी रास्त. पण 'डाउनफॉल'चं शेवटचं मिनिट सोडू नका. तिथे नटी नाही, खरी ट्राउडल युंगं येते, म्हातारी. २००२ मध्ये ती गेली, त्याआधीची मुलाखत. ती सांगते, की युद्धानंतर अनेक वर्षं आपण तरुण होतो, आपल्याला काय ठाऊक, असं म्हणून स्वतःची समजूत काढली. मग एक दिवस फ्रान्झ-योझेफ रस्त्यावर सोफी शोलच्या नावाची पाटी दिसली. आपल्याच वयाची मुलगी. आपण हिटलरकडे कामाला लागलो त्या सुमाराला तिला मारलं. तेव्हा कळलं, की तरुण असणं ही सबब नाही. म्हणजे तुमची सोफी आमच्या टायपिस्टच्या सिनेमातही पोचलेलीच आहे. पोचायला उशीर झाला, हे कबूल.

मला त्या बाईचा हेवाही वाटतो आणि काटाही येतो. हिटलरचं मृत्युपत्र आणि राजकीय इच्छापत्र एप्रिल १९४५ च्या शेवटी तिनेच लिहून घेतलं, तिनेच टाईप केलं. तिला वाटलं होतं, आता तरी हा माणूस सांगेल हे सगळं कशासाठी झालं. तर तीच जुनी घासून गुळगुळीत झालेली वाक्यं. मी बजेटची भाषणं उतरवून घेतलेली बाई आहे, मला ते ऐकताना काय झालं असेल याची कल्पना आहे.

बिचारेपणाबद्दल म्हणाल, तर त्यावर उतारा आहे. व्हार्गास योसाची 'द फीस्ट ऑफ द गोट', २००० सालची कादंबरी. डॉमिनिकन रिपब्लिकचा त्रुहियो. १९३० ते १९६१ सत्तेवर, राजधानीला स्वतःचं नाव दिलेला, शेवटी ३० मे १९६१ च्या रात्री रस्त्यात गाडी गाठून मारलेला. पण त्यात भीती कुठे आहे? सिनेटर काब्राल नावाच्या त्याच्या निष्ठावंत माणसात. एके दिवशी हा पेपर उघडतो तर वाचकांच्या सदरात त्याच्याच विरुद्ध पत्र. झालं. फोन वाजायचा बंद. जो तो भेट टाळतोय. आपलं काय चुकलं हे त्याला कोणीही सांगत नाही, आणि तो या दारातून त्या दारात विचारत फिरतो. इथवर तो आपल्याला बिचारा वाटतो. मग मध्यस्थ एक उपाय सुचवतो, आणि हा बाप आपली चौदा वर्षांची मुलगी, उरानिया, साहेबांकडे पाठवतो.

पेठेतले, आठवलं ना? घाशीरामाने कोतवालीसाठी गौरीला नानाच्या हवाली केलं. पुण्यात १९७२ ला, आणि तिकडे २००० ला. योसाने 'घाशीराम' पाहिलं असण्याचं कारण नाही. सत्तेच्या बाहेरच्या खोलीत बसलेला माणूस शेवटी हेच गहाण टाकतो हे दोघांनी आपापल्या परीने ओळखलं. फरक एवढाच, की घाशीरामाला पद मिळवायचं होतं, काब्रालला गेलेली मर्जी परत हवी होती. माझ्या मते काब्राल जास्त भयंकर. घाशीरामाला निदान सूड घ्यायचा होता.

आणि त्याच कादंबरीतला बालागेर विसरू नकोस. नावापुरता राष्ट्राध्यक्ष, बुटका, अदबशीर, कधी आवाज नाही. त्रुहियो गेल्यावर सगळे एकमेकांचे गळे धरतात आणि हा शांतपणे खुर्ची सावरून बसतो. खरा बालागेर मधे मधे खंड पडत का होईना, पण १९९६ पर्यंत राष्ट्राध्यक्ष होता. तुझ्या नाटकात सेक्रेटरी असेल तर तो असा कर.

बिनपाण्याचा_नळ

सगळे इतके गंभीर झालात म्हणून सांगतो, विदूषकाला इतक्या सहजी हाकलू नका. सत्यजित रायांचा 'हीरक राजार देशे', १९८०. उत्पल दत्त राजा. मुलांचा सिनेमा, यमकात बोलणारी माणसं, राजा काही बोलला की दरबारी एका सुरात 'ठीक ठीक'. शाळा बंद, पुस्तकं जाळलेली, आणि विरोध करणाऱ्याचा मेंदू धुऊन काढायला एक यंत्र. पाहुणे यायचे म्हणून गरिबांना नजरेआड हलवलेलं. शेवटी तेच यंत्र राजावर चालतं आणि तो आपल्याच पुतळ्याला दोरी लावून खेचणाऱ्यांत सामील होतो. कार्टूनच आहे. तरी माझी भाची ते 'ठीक ठीक' ऐकून आईच्या मांडीवर सरकली होती. तेव्हा हसवा हो, पण दरबाऱ्यांना हसवा, राजाला नको.

तिसरी_घंटा

काल तालीम करून बघितली. संहितेत शिपाई, सेक्रेटरी आणि लघुलेखिका अशी तीन माणसं वाढवली. हुकूमशहाची वाक्यं निम्मी कापली. तो 'परत करून बघू' म्हणाला तेव्हा विंगेतली पोरं एकदम गप्प झाली, हे खरं. इझारताईंचं मनात ठेवून एक प्रवेश दाराच्या पार बाहेर, रस्त्यावर, ठेवलाय. तो अजून जमत नाहीये, भाषण होतंय. त्यावर परत त्रास देईन.

नवीन भानगड अशी, की आता सगळ्यांना शिपाईच व्हायचंय. हुकूमशहावाला पण मागे लागलाय.

काकू, लघुलेखिका करणारी मुलगी वही टेबलावर ठेवून लिहिते. बरोबर आहे का?

पिटमन_काकू

अजिबात नाही. साहेबांच्या टेबलाला आपला हात लागत नाही. खुर्ची टेबलापासून हातभर लांब, तिरकी. वही गुडघ्यावर, पान डाव्या हाताच्या अंगठ्याने आधीच अर्धं उचललेलं, म्हणजे उलटताना आवाज होत नाही. दोन पेन्सिली, दोन्ही टोक केलेल्या. साहेब बोलायचे थांबले तरी मान वर करायची नाही. ते 'वाचून दाखवा' म्हणाले की मगच.

आणि हुकूमशहावाल्याला शिपाई करून बघ एक दिवस. रस्त्याच्या प्रवेशाचं इथे टाक, बघू.